अनोळखी द्राक्षांचीं नांवें

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मद्याचा विषय कां निघावा, असा प्रश्न आमच्या कांहीं वडील वाचकांच्या मनांत या लेखाचे पहिले शब्द वाचतांच उभा राहील, आणि तो रास्तच आहे. ज्या घरांत तुळशीवृंदावनापुढें सांजवात लागते त्या घरांत हा विषय निघाला तर दबक्या आवाजांतच निघतो. परंतु नाशिक-दिंडोरीच्या वाटेवर आज दुतर्फा द्राक्षमळे उभे आहेत. परदेशीं नोकरीस असलेला मुलगा तेथील जेवणाच्या चालीरीति घरीं कळवितो. आणि घरांतील तरुण मंडळींना या विषयाची जी काय माहिती होते ती जाहिरातींतून होते. जाहिरातींतून येणारी माहिती बहुधा अर्धी असते, तेव्हां ती घरच्याच सदरांतून पुरी झालेली बरी असें आम्हांस वाटतें. पिण्याची शिफारस करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं; द्राक्ष नांवाच्या एका फार मोठ्या कुळाचा वृत्तांत सांगण्यासाठीं उचलली आहे.

आपल्या पूर्वजांना हा विषय अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या पेयाला ‘मधु’ म्हटलें असून, तें ज्या देशांत होतें त्या देशावरून त्याचीं ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ अशीं दोन नांवें दिलीं आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस, आजच्या बेग्रामजवळचें प्राचीन नगर. या नगराच्या नांवापासून शब्द कसा साधावा यासाठीं पाणिनीनें एक सूत्र खर्चीं घातलें आहे, आणि त्यावरील काशिकावृत्तींत जीं उदाहरणें आहेत तीं तेथील मधूचें व तेथील द्राक्षांचें. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे योद्धे पारसीकांस जिंकल्यावर द्राक्षवेलींनीं वेढलेल्या भूमीवर बसून मधुपानानें श्रम घालवितात, हें तर मॅट्रिकला संस्कृत घेतलेल्यांसहि स्मरत असेल. या सर्वांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पानाची नव्हे, नांवाची आहे. द्राक्ष कोठलें हें सांगितल्यावांचून पेयाचें वर्णन पुरें होत नाहीं, ही दृष्टि त्या काळींहि होती. फ्रान्सनें प्रांतवार नांवांना कायद्याचें पक्कें संरक्षण दिलें तें १९३५ सालीं.

आतां आजची स्थिति पाहूं. जगांत द्राक्षाच्या ज्ञात जाती सुमारें १०,००० आहेत. २०१२ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कोशांत, ज्यांपासून विक्रीसाठीं मद्य तयार होतें अशा १,३६८ जातींची माहिती आली आहे. असें असूनहि आंतरराष्ट्रीय द्राक्ष व मद्य संघटनेनें २०१७ सालीं जो हिशेब मांडला त्याप्रमाणें पृथ्वीवरील द्राक्षमळ्यांचें निम्में क्षेत्र अवघ्या ३३ जातींनीं व्यापलें आहे, आणि त्यांतहि एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र १३ जातींच्या हातीं आहे. खाण्याचीं व बेदाण्याचीं द्राक्षेंहि यांत धरलीं आहेत. दुकानाच्या फळीवर कॅबर्ने, मर्लो, शार्डोने हींच नांवें फिरून फिरून दिसतात याचें कारण हेंच. बाकीच्या शेंकडों जाती कोठें तरी एका खोऱ्यांत, एका बेटावर, दोन-चार म्हाताऱ्या बागाईतदारांच्या भरंवशावर दिवस काढीत आहेत.

ही पांगळी अवस्था एका दिवसांत आली नाहीं. तिच्या मुळाशीं एक क्षुद्र कीड आहे. फायलोक्झेरा नांवाची, मुळांतील रस शोषून वेल मारणारी ही कीड १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबर फ्रान्सांत शिरली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत तिनें युरोपांतील बहुतेक मळे खाऊन टाकले. औषध सांपडेना. अखेर उपाय निघाला तो असा कीं, ज्या अमेरिकन वेलींच्या मुळांना ही कीड फारशी बाधत नाहीं त्यांचा खुंट घ्यावा व त्यावर युरोपी वेलीची काडी बांधावी. आमच्या नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांना खुंटावरचें कलम नवें नाहीं. तेहि डॉगरिज नांवाच्या खुंटावर द्राक्ष बांधतात, मात्र तेथें कारण खारवट जमिनीचें व पाण्याच्या तुटवड्याचें आहे. असो. युरोपांत मळे फिरून उभे राहिले, पण पुनर्लागवड करतांना शेतकऱ्यानें साहजिकच हमखास पीक देणाऱ्या जाती तेवढ्या घेतल्या. ज्यांना फळ कमी धरतें, ज्या उशिरां पिकतात, ज्यांची मर्जी फार सांभाळावी लागते, अशा जाती मागें पडल्या. संकटांत घर सोडतांना माणूस जें हातीं लागेल तें उचलतो. जुनी पेटी मागें राहते, आणि पुढें तिची आठवणहि बुजते.

अशाच एका मागें राहिलेल्या पेटीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतांत कार्मेनेर नांवाची काळ्या द्राक्षाची एक जुनी जात होती. तिला फळ नीट धरत नसे, म्हणून कीड येऊन गेल्यावर ती कोणीं परत लावली नाहीं, आणि ती जवळजवळ नामशेष झाली असेंच सर्व धरून चालले. परंतु कीड येण्यापूर्वींच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या जमीनदारांनीं बोर्दोहून वेलींच्या काड्या नेल्या होत्या. त्यांत मर्लोच्या बरोबर कार्मेनेरहि मिसळून गेली. एका बाजूस अँडीज पर्वत, दुसरीस महासागर आणि उत्तरेस वाळवंट, अशा त्या देशांत फायलोक्झेरा पोंचलीच नाहीं. ही विसरलेली जात तेथें शंभरांहून अधिक वर्षें सुखानें वाढली. फक्त लोक तिला मर्लो म्हणून ओळखीत.

नांव चुकल्यानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. कार्मेनेर ही मर्लोनंतर तीन-चार आठवड्यांनीं पिकते. दोन्ही एकच समजून तोडणी केली म्हणजे निम्मे घड पुरते पिकण्यापूर्वींच खुडले जात, आणि त्या मद्याला हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा एक उग्र वास येई. चिलीची मर्लो अशीच असते, असें लोक म्हणूं लागले. २४ नोव्हेंबर १९९४ रोजीं जाँ-मिशेल बूर्सिको हे फ्रेंच वेलशास्त्रज्ञ सांतियागोजवळच्या मायपो खोऱ्यांतील एका मळ्यांत उभे होते. दक्षिण गोलार्धांतील तो फुलोऱ्याचा काळ. फुलांतील पिळवटलेले केसर पाहून त्यांनीं ओळखलें कीं ही मर्लो नव्हे, कार्मेनेर आहे. पुढें शास्त्रीय परीक्षेनें तें सिद्ध झालें. त्यानंतर चिलीच्या शेतकऱ्यांनीं त्या वेलींची तोडणी उशिरां करण्यास आरंभ केला आणि ज्या मद्याला लोक नांवें ठेवीत तेंच त्या देशाचें भूषण ठरलें. मुलाचा स्वभाव न ओळखतां त्याला भावाच्या मापानें मोजणाऱ्या घरांत असेंच होतें. त्या मुलांत उणें कांहीं नसतें. त्याची वेळ तेवढी निराळी असते.

दुसरा देश जॉर्जिया. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशींतला हा लहानसा देश द्राक्षमद्याचें माहेर म्हटला जातो. त्याच्या राजधानीच्या दक्षिणेस जुन्या वसाहतींच्या उत्खननांत सांपडलेल्या मातीच्या भांड्यांवर द्राक्षमद्याचे अंश मिळाले, आणि तीं भांडीं इसवी सनापूर्वीं सुमारें ६,००० वर्षांचीं असल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें. म्हणजे आजपासून आठ हजार वर्षें. देशी द्राक्षांच्या तेथें पांचशेंहून अधिक जाती आहेत. त्यांतील साप्पेरावी या काळ्या जातीचें नांव त्यांच्या भाषेंत रंग देणें या अर्थाचें आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पाहिला तर पांढराच निघतो, रंग असतो तो सालींत. साप्पेरावीचा गरदेखील तांबडा असतो. र्कात्सितेली या पांढऱ्या जातीच्या नांवाचा अर्थ तांबड्या देठाची असा आहे.

तेथील रीत आमच्या गृहिणींना चटकन् समजेल. क्वेव्री नांवाचा अंड्याच्या आकाराचा, मोठ्या रांजणाएवढा किंवा त्याहून कितीतरी मोठा मातीचा घट आंतून मेण लावून गळ्यापर्यंत जमिनींत पुरतात. आपल्याकडे धान्याचें पेंव असे, त्या जातीचें हें पेयाचें पेंव म्हणावयास हरकत नाहीं. काखेती प्रांतांत ठेंचलेलीं द्राक्षें सालीबियांसकट, कधीं देठांसकट, त्यांत ओततात, आंबण्याचें काम पुरें झालें कीं तोंड बंद करतात, आणि पांच-सहा महिन्यांनीं उघडतात. भूमीच्या पोटांत उष्णमान सारखें राहतें, त्यामुळें निराळ्या यंत्राची गरज पडत नाहीं. पांढऱ्या द्राक्षांचेंहि मद्य सालींच्या सहवासानें मधासारख्या रंगाचें व तुरट चवीचें होतें. या रीतीस २०१३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

पण ही परंपरा नाजूक धाग्यावर टांगलेली होती. सोव्हिएट राजवटींत भरघोस पिकाच्या थोड्या जातींवर भर दिला गेला आणि घरोघरच्या जुन्या जाती परसांत राहिल्या. १९८५ सालीं गोर्बाचेव्ह यांची मद्यविरोधी मोहीम आली तेव्हां मळेच्या मळे उपटले गेले. मग २००६ सालीं रशियानें जॉर्जियाच्या मद्यावर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. निर्यातीचा फार मोठा हिस्सा रशियांतच जात असल्यानें बागाईतदारांवर आकाश कोसळलें. नवीं गिऱ्हाइकें शोधतांना त्यांच्या लक्षांत आलें कीं, जगाला शार्डोने पुरविणारे देश पुष्कळ आहेत. साप्पेरावी आणि पुरलेला घट आपल्याखेरीज कोणाकडे नाहीं. जुन्या वस्तूचें मोल असें अडचणींतून कळलें. किसी नांवाची, जवळजवळ लोपलेली एक पांढरी जात या काळांत पुन्हां मळ्यांत आली. बंदी उठल्यावर रशियाच फिरून सर्वांत मोठें गिऱ्हाईक झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. म्हणजे एका दारावर अवलंबून राहण्याचा धोका अगदींच टळला असें नव्हे.

तिसरी हकीकत ग्रीस देशांतील सान्तोरिनी बेटाची. सुमारें ३,६०० वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि सारें बेट राखेनें व प्युमिस दगडानें झांकलें गेलें. त्या रेताड भूमींत फायलोक्झेरा टिकत नाहीं, म्हणून तेथील असिर्तिको नांवाची वेल आजहि स्वतःच्या मुळांवर उभी आहे, खुंटावर नव्हे. उन्हाळ्यांत पाऊस नाहीं, वारा मात्र भन्नाट. यासाठीं शेतकरी वेल मांडवावर चढवीत नाहींत. तिच्या फांद्या जमिनीलगत गोल गोल गुंफून टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या पोटांत वाढतात. वेलीला ओलावा मिळतो तो समुद्रावरून येणाऱ्या धुक्यांतून. एवढ्या उन्हांतहि या द्राक्षाचा आंबटपणा कमी होत नाहीं, हा त्याचा मोठा गुण, आणि जग तापत चाललें असतां असा गुण उद्यां किती मोलाचा ठरेल याची कल्पना वाचकांनींच करावी. परंतु या बेटावर प्रवाशांची गर्दी इतकी वाढली आहे कीं, मळ्याच्या जमिनीला द्राक्षापेक्षां खोल्या बांधून अधिक पैसा मिळतो. मळे आटत चालले आहेत. कीड जें करूं शकली नाहीं तें भाडें करीत आहे.

या तिन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे. जात वांचते ती कोणी तरी तिची चव ओळखतो म्हणून. व्हियोन्ये नांवाची एक पांढरी जात साठ वर्षांपूर्वीं फ्रान्सच्या र्‍होन नदीकांठीं अगदीं थोड्या क्षेत्रांत उरली होती; थोड्या जाणकारांनीं तिची कदर केली, आणि आज ती अनेक देशांत पसरून आपल्या दिंडोरीपर्यंत आली आहे. तेव्हां चाखणें म्हणजे काय हें समजून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

चाखणें आणि पिणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. व्यवसायानें परीक्षा करणारे लोक दिवसांत कित्येक नमुने चाखतात आणि प्रत्येक घोट थुंकून टाकतात. त्यासाठीं शेजारीं भांडें ठेवलेलें असतें. पेला एक तृतीयांशच भरावयाचा. प्रथम पांढऱ्या कापडासमोर धरून रंग पाहावयाचा, मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावयाचा, आणि शेवटीं लहानसा घोट जिभेवर सर्वत्र खेळवावयाचा. यापुढें काय शोधावयाचें याची शिकवण मराठी घराला निराळी द्यावी लागत नाहीं. षड्रसांचा विचार आपल्याकडे जेवणाच्या पानावरच होतो. आंवळ्याचा तुरटपणा, कोकमाचा आंबटपणा, पिकल्या जांभळाचें जिभेला बसणें, हें ज्याला वेगवेगळें सांगतां येतें त्याला साप्पेरावीचा तुरटपणा आणि असिर्तिकोची धार ओळखणें कठीण नाहीं. पाश्चात्य पुस्तकांत तांबडें मद्य खोलीच्या उष्णमानावर घ्यावें असें लिहिलेलें असतें, पण ती खोली थंड देशांतली असते. आपल्या चैत्र-वैशाखांत तें १६ ते १८ अंशांपर्यंत थंड करणेंच योग्य. फार तिखट पदार्थांबरोबर हें पेय जुळत नाहीं, तिखटाची आग अधिक भडकते. जॉर्जियांत अक्रोडाचें वाटण भरलेलीं वांगीं करतात. आपल्या दाण्यातिळाच्या भरल्या वांग्यांचीं तीं दूरचीं आप्तें म्हणावींत.

आतां थोडें स्पष्ट बोलतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें जानेवारी २०२३ मध्यें सांगितलें आहे कीं, मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणतां येत नाहीं. कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत मद्यार्काची गणना फार वर्षांपासून आहे. थोडें तांबडें मद्य हृदयाला हितकर, हें वाक्य जाहिरातींत व गप्पांत पुष्कळ वेळां येतें. त्याच्या आधारावर कोणीं आरंभ करूं नये. गर्भवती स्त्रीनें, औषधें चालूं असणाऱ्यानें, वाहन चालवावयाचें असणाऱ्यानें या वाटेस मुळींच जाऊं नये. एकत्र कुटुंबांत पुतण्या नाशिकहून बाटली घेऊन येतो आणि काकांच्या कपाळाला आठी पडते, हा प्रसंग आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. अशा वेळीं पुतण्यानें ती लपवूं नये आणि काकांनीं एकदम ओरडूं नये, इतकें आम्ही सुचवूं. लपविलेल्या वस्तूची गोडी वाढते. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचा विचार करतां येतो. घरांतील ज्याला नको त्याच्या नकाराला पुरा मान असावा, आणि ज्याला जाणून घ्यावयाचें आहे त्यानें निदान त्या बाटलीवरचें नांव मोठ्यानें वाचून दाखवावें: द्राक्ष कोणतें, गांव कोणतें, साल कोणतें.

हीं नांवें वाचतांना एक गोष्ट मनाला लागते. नाशिकच्या बाटल्यांवर शेनां ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, व्हियोन्ये अशीं नांवें असतात. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं या धंद्यास उत्तेजन देण्याचें धोरण ठरविल्यापासून हे मळे वाढले, आणि एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी संभाळून, पाऊस टाळून, ऐन हिंवाळ्याच्या अखेरीस तोडणी करण्याचें कसब आमच्या शेतकऱ्यांनीं त्यांतहि दाखविलें आहे. या परक्या जातींना आम्ही नांव ठेवीत नाहीं. बटाटा आणि मिरचीहि परकीच. पण एकेकाळीं याच महाराष्ट्रांत भोकरी, फकडी, साहेबी अशा द्राक्षांच्या जाती घरोघर माहीत होत्या. बिनबियांची थॉम्सन आली, तिच्यापासून तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा नामांकित जाती आमच्याच बागाईतदारांनीं निवडल्या, आणि जुन्या जाती बाजारांतून उठल्या. नव्यांनीं शेतकऱ्याला पैसा दिला, यांत शंका नाहीं. परंतु आजच्या दहा वर्षांच्या मुलाला भोकरी हा शब्द सांगितला तर तो भोकराच्या लोणच्याचा विचार करील.

नव्याची निर्मितीहि चालूं आहे, ही समाधानाची गोष्ट. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें कॅटॉबा ही अमेरिकन कुळाची जात आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरापासून ए. आर. आय. ५१६ नांवाची जात तयार केली आहे. ती बुरशीच्या रोगांस सहजासहजीं बळी पडत नाहीं, आणि तिच्यापासून रस, बेदाणे, मुरंबा व तांबडें मद्य हीं सर्व होऊं शकतात. ज्या घरांत मद्य कधींच येणार नाहीं त्या घरांतहि तिचा रस येऊं शकेल. जातींचें रक्षण करावयाचें तर बाटलीच हवी असें नाहीं, हें यावरून दिसेल.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. या माघ-फाल्गुनांत द्राक्षें घ्याल तेव्हां भावाबरोबर नांवहि विचारा. विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर दुसऱ्या हातगाडीवर विचारा. घरांत सासरे, आजेसासूबाई, मावशी असतील त्यांना त्यांच्या लहानपणीं कोणतीं द्राक्षें येत, त्यांत बिया किती असत, साल जाड होती कीं पातळ, हें विचारून एका वहींत लिहून ठेवा. आंबे, तांदूळ, वाल यांचीहि नांवें त्याच वहींत येऊं द्या. चिलीच्या मळ्यांत एक जात शतकभर परक्या नांवानें जगली आणि ओळखणारा आला तेव्हां फुलावर आली. आपल्या एखाद्या जुन्या परसांत भोकरीची वेल अजून असेल, तर तिला ओळखणारें माणूस घरांत असतांनाच तें काम झालेलें बरें.